फोटो डिलीट करायला लावणं कुठल्या कायद्यात बसतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमध्ये गेली अठरा वर्षं लग्नाचे फोटो काढतो. लग्नसराई संपली की हाताला काम कमी असतं, तेव्हा कॅमेरा घेऊन शहरात फिरायची सवय आहे, कधी गोदाघाट, कधी भांडी बाजार, कधी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी. त्याचे पैसे मिळत नाहीत पण त्याशिवाय चैनही पडत नाही. मागच्या महिन्यात असाच एका रविवारी सकाळी बाहेर पडलो आणि जे झालं ते तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून हे पत्र. चौक कोणता, पोलीस कोण ते लिहीत नाही, मला त्या दोघांना त्रास द्यायचा नाही आणि प्रश्न दोन माणसांचा नाहीचे मुळात.

फुटपाथवर एक कल्हईवाले चाचा बसले होते. आता हे लोक दिसतात कुठे, घरोघरी स्टील आलं, नॉनस्टिक आलं, पण मधे परत तांब्यापितळेची फॅशन आली त्यामुळे वर्षातून दोनचारदा कुठे ना कुठे भट्टी पेटलेली दिसते. जमिनीत छोटा खड्डा, कोळसा, हाताने फिरवायचा पंखा, आणि चाचांचा नातू असेल बहुतेक तो पंखा फिरवत होता. पितळेचं पातेलं तापून लाल व्हायला आलं की त्यात नवसागराची चिमूट टाकतात आणि एकदम पांढरा धूर उठतो, तो जेमतेम तीनचार सेकंद असतो, त्याच्यातच कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ती सगळीकडे फिरवायची, आतून पातेलं चांदीसारखं होतं आणि मग पाण्यात घातलं की चर्रर्र. तो धूर मला हवा होता. चाचांना विचारलं, ते म्हणाले काढ बेटा, आणि मी गुडघ्यावर बसून अर्धा तास चौदा फोटो काढले, त्यातल्या एकात धुराच्या पलीकडे त्या पोराचे डोळे बरोबर लागले होते. असा फोटो वर्षातून एखादाच मिळतो, जे काढतात त्यांना कळेल.

मागे वीसपंचवीस फुटांवर बंदोबस्ताची गाडी आणि दोन बॅरिकेड होते. तिथून दोघं जण आले. काय शूट करतोय, कुठल्या चॅनलचा, आयकार्ड दाखव. मी म्हटलं साहेब चॅनलचा नाहीये, फोटोग्राफर आहे, हे कल्हईवाले चाचा आहेत त्यांचे काढतोय. तर म्हणाले गाडी पण आली आहे फोटोत, डिलीट कर. मी म्हटलं मागे ब्लर आहे साहेब, बघा. कॅमेरा त्यांच्या हातात दिला, ती माझी पहिली चूक. मग बॅग उघडायला लावली. लेन्सा बाहेर, फ्लॅश बाहेर, चार्जर बाहेर, रुमाल, डबा सगळं फुटपाथवर. शेवटी कार्डांचं पाकीट निघालं. त्यातल्या दोन कार्डांवर मी पेनाने नावं लिहिलेली असतात, नवरा नवरीची, कारण आदल्या दिवशी सिन्नरला लग्न होतं आणि रात्री दोनला घरी आलो तेव्हा ते कॉपी करायचं राहून गेलं होतं. हे काय आहे, हे पण सगळं फॉरमॅट मार. फॉरमॅट. म्हणजे एका घरातली हळद, वरात, त्या मुलीचे आजोबा व्हीलचेअरवर येऊन अक्षता टाकत होते ते, सगळं. मी हात जोडले. खरंच जोडले, भर रस्त्यात, पन्नास लोक बघत असताना, आणि मी काहीही गुन्हा केलेला नव्हता.

चाचा मधे पडले, म्हणाले साहेब मीच सांगितलं त्याला काढ म्हणून. त्यांनाही दटावलं, तू तुझं काम कर. मी म्हटलं साहेब असा नियम कुठे आहे, तर उत्तर आलं, नियम शिकवतो का, तीनशे त्रेपन्न टाकू का. शेवटी लग्नाची कार्डं वाचली पण कॅमेऱ्यातले चौदाही फोटो त्यांनी माझ्याकडूनच डिलीट करून घेतले, एकेक. प्रत्येक वेळी स्क्रीनवर विचारतं, डिलीट, हो की नाही. चौदा वेळा हो दाबलं मी. धुराच्या फोटोला अंगठा थांबला तर वरून आवाज आला, चल लवकर.

आता ते तीनशे त्रेपन्न घ्या आधी, कारण महाराष्ट्रात हा आकडा म्हणजे लहान पोरांना बुवा दाखवतात तसा झालाय. ३५३ हे कलम भारतीय दंड संहितेतलं, ती संहिताच १ जुलै २०२४ पासून बदलली, त्याच्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं १३२ आहे. ते लागायला सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला व्हावा लागतो किंवा धक्काबुक्की, बळाचा वापर व्हावा लागतो. साहेब नियम कुठे आहे हे विचारणं हा हल्ला नाही. कामात अडथळ्याचं कलम वेगळं आहे, २२१, पण तिथेही खरोखरचा अडथळा लागतो, फुटपाथवर गुडघ्यावर बसलेला माणूस कुणाला अडवत होता?

घरी आल्यावर एका वकील मित्राकडे गेलो, नंतर स्वतः पण बरंच वाचलं. सगळ्यात मोठी गोष्ट ही कळली की सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी करणारा कायदा आपल्या देशात नाहीये. फोटो काढणं हा घटनेच्या कलम १९(१)(अ) मधल्या अभिव्यक्तीचाच भाग आहे, त्याच्यावर बंधनं घालता येतात पण ती १९(२) मध्ये दिलेल्या कारणांसाठी आणि कायद्याने, ड्युटीवरच्या माणसाला वाटलं म्हणून नाही.

बंदी कुठे आहे ती खरीच आहे आणि ती मी पण मानतो. आपल्या नाशिकला तर इतर शहरांपेक्षा जास्त मानायला हवी. देवळालीला तोफखान्याचं केंद्र आहे, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल आहे, ओझरला एचएएलचा विमान कारखाना, नाशिकरोडला नोटांचा आणि सिक्युरिटी प्रेस. लष्कराच्या अशा ठिकाणांसाठी १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आहे, त्यात प्रतिबंधित जागा म्हणजे काय याची व्याख्याच दिलेली आहे. तिथे बोर्ड लावलेले असतात, मी गाडी चालवताना पण कॅमेरा बॅगेतून काढत नाही. देवळात ट्रस्टचा नियम असेल आत मोबाईल नाही तर नाही. प्रीवेडिंगसारखं लाइट आणि क्रू घेऊन रस्ता अडवायचा असेल तर परवानगी घ्यायलाच हवी. ड्रोनला २०२१ चे वेगळे नियम आहेत, त्यात मी इथे शिरत नाही. पण पांडवलेणीला अजूनही कुणी कुणी पर्यटकांना कॅमेरा आत ठेवा म्हणतात त्यांना सांगा की केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्येच केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या आवारात फोटोला मोकळीक दिलीये, अपवाद तीनच ठेवले होते, अजिंठा, लेहचा राजवाडा आणि ताजमहालाची मुख्य कबर.

आणि पोलिसांची गाडी? अहो गाडी सोडा, पोलीस स्टेशनसुद्धा त्या गुपिते कायद्यातली प्रतिबंधित जागा नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलंय. वर्ध्याच्या एका ठाण्यात एकाने व्हिडिओ काढला म्हणून त्याच्यावर या गुपिते कायद्याचं कलम लावलं होतं, कोर्टाने ते काढून टाकलं. २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पाथर्डीच्या प्रकरणात परत तेच सांगितलं, तिथे तर पोलिसांशी झालेलं बोलणं रेकॉर्ड केलं म्हणून लावलं होतं. म्हणजे दोनदा सांगून झालंय, आपल्याच हायकोर्टाने, आणि दोन्ही प्रकरणं आपल्याच राज्यातली. शिवाय सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलेत ते कशासाठी, आत काय चालतं त्याची नोंद राहावी म्हणूनच ना. मग रस्त्यावरच्या बॅरिकेडचं असं काय गुपित आहे जे कल्हईच्या फोटोत मागे पुसट दिसलं तर धोका होईल.

झडतीचं पण बघा. पोलिसांना संशय आला तर चौकशी करायचा अधिकार आहे, नाव गाव विचारायचा आहे, मी सगळं सांगितलंच असतं, सांगितलंही. यात्रेच्या गर्दीत, मंदिराच्या दारात सगळ्यांच्या बॅगा बघतात त्यालाही माझी हरकत नाही, आपल्याच जिवासाठी असतं ते. पण रस्त्यात एकट्याला गाठून बॅग उपडी करायची आणि कॅमेऱ्यातला मजकूर चाळायचा म्हणजे ती झडती झाली आणि तिला पद्धत आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नवीन नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०६ खाली गुन्ह्याचा संशय यावा अशा परिस्थितीत सापडलेली वस्तू पोलिसांना जप्त करता येते, मान्य, पण मग जप्तीचा रिपोर्ट मॅजिस्ट्रेटकडे जायला लागतो. तपासात तातडीने झडती घ्यायची असेल तर कलम १८५ आहे, त्यात अधिकाऱ्याने कारणं आधी लेखी नोंदवायची असतात. आणि कलम १०५ मी तीनदा वाचलं कारण विश्वासच बसत नव्हता, त्यात लिहिलंय की अशी झडती आणि जप्ती करताना त्याचं ऑडिओ व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं, शक्यतो मोबाईलवर, आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. म्हणजे कायदा पोलिसांना सांगतोय की कॅमेरा चालू करा, आणि रस्त्यावर पहिला शब्द ऐकू येतो तो कॅमेरा बंद कर.

मोबाईलचं तर अजून अवघड झालंय. माझ्या पुतण्याच्या वयाची पोरं फोनवरच फोटो काढतात, त्यांना सरळ सांगतात लॉक उघड, गॅलरी दाखव, व्हॉट्सअॅप दाखव. त्या फोनमध्ये घरच्यांचे फोटो, बँकेचे मेसेज, डॉक्टरचे रिपोर्ट, मैत्रिणीशी बोलणं, सगळं आयुष्य असतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितलंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये पत्रकारांच्या फोन लॅपटॉप जप्तीच्या प्रकरणात त्याच कोर्टाने केंद्राला विचारलं होतं की याला काही मार्गदर्शक नियम आहेत का, नसतील तर करा. मोठमोठ्या तपास यंत्रणांबद्दल कोर्ट असं म्हणतंय तर चौकातल्या ड्युटीवाल्याने कुणाचीही गॅलरी वर खाली करावी हे कसं चालेल? आमच्याकडे शिकायला येणारी एक मुलगी आहे, तिची बॅग एकदा पुरुष पोलिसाने उघडली, आत हात घातला, ती पोर दोन महिने कॅमेरा घेऊन एकटी बाहेर पडली नाही. बाईची झडती बाईनेच घ्यायची, सभ्यतेचं पूर्ण भान ठेवून, हे कायद्याने फार पूर्वीपासून घालून दिलेलं आहे, त्याला नवी संहिता यावी लागली नाही.

पण माझा खरा मुद्दा डिलीटचा आहे आणि तो मला सगळ्या साहेबांना शांतपणे विचारायचाय. समजा माझा फोटो गुन्हा होता. मग तो फोटो पुरावा आहे, त्याचा पंचनामा करा, कार्ड सील करा, मला पावती द्या, कोर्टात मांडा. पुरावा म्हणून लागणारं इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नष्ट करणं हाच न्याय संहितेत वेगळा गुन्हा आहे, मग तो पुरावा तुम्ही माझ्याच हाताने कसा पुसायला लावता? आणि समजा गुन्हा नव्हता, तर मग पुसायला लावायचा प्रश्नच येत नाही. दोन्हीपैकी कुठल्याच बाजूने डिलीट बसत नाही. मी शोधलं, वकील मित्राने पण शोधलं, रस्त्यात उभं राहून नागरिकाला फोटो डिलीट करायला लावा असा अधिकार देणारं कलम आम्हाला कुठेच सापडलं नाही. आणि सुरक्षेसाठी म्हणाल तर त्यानेही काही होत नाही, डिलीट केलेले फोटो कार्डावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत तसेच पडून असतात, साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत येतात. ज्याच्या मनात खरंच वाईट आहे तो घरी जाऊन काढून घेईल.

मला पोलिसांबद्दल राग नाही हे पण लिहायलाच हवं. चार वर्षांपूर्वी मंगल कार्यालयातून माझी लेन्स चोरीला गेली होती ती पोलिसांनीच शोधून दिली, दोन दिवस चकरा मारल्या त्यांनी. बारा बारा तास उन्हात उभं राहायचं, वरून आलेलं प्रत्येक वाक्य पाळायचं, आणि वरून काय आलंय ते लेखी कुणाकडेच नसतं. त्यांना पण भीती वाटते, उद्या कुठे काही व्हायरल झालं तर सस्पेंड कोण होणार. आणि फोटोग्राफर सगळे साधू आहेत असंही नाही. रामकुंडावर अंघोळ करणाऱ्या बायकांवर टेलीलेन्स रोखून बसणारे लोक मी स्वतः पाहिलेत, एकाला मी आणि एका गुरुजींनी मिळून तिथून उठवलं होतं. अशांसाठी आयटी कायद्याचं ६६ई आहे, शरीराचे खासगी भाग चोरून टिपले तर सार्वजनिक जागेतसुद्धा गुन्हा होतो, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अशांना पकडा, मी साक्षीला येईन. पण त्यांना पकडायचं सोडून कल्हईवाल्याचा फोटो पुसण्यात दोन पोलिसांचा अर्धा तास गेला.

हे आत्ताच का लिहितोय तर सिंहस्थ आलाय. २०२७ च्या ऑगस्ट सप्टेंबरमध्ये मुख्य स्नानं आहेत, लाखो लोक येणार, जगभरातले कॅमेरे येणार आणि प्रत्येकाच्या खिशात एक मोबाईल असणार. २००३ च्या सिंहस्थात सरदार चौकात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली, ज्यांनी तो दिवस बघितलाय त्यांना माहितीये, नंतर काय झालं कसं झालं हे ठरवताना फोटोला किती किंमत येते. गोदेच्या पुराचं पण तेच. २००८ चा पूर, २०१६ चा, २०१९ चा, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं होतं हे आज आपण बोटाने दाखवतो ते होळकर पुलावर भिजत उभं राहून कुणीतरी फोटो काढले म्हणून. त्या वेळी पुलावरून हटा म्हणणारे पोलीस बरोबरच होते, जिवाचा प्रश्न होता, पण हटवणं वेगळं आणि काढलेलं पुसणं वेगळं. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, आपण त्यांच्या नावाने पांडवलेणीच्या पायथ्याशी स्मारक बांधलं, त्या जिल्ह्यात कॅमेरा हातात असला की माणूस संशयित व्हावा हे मला सहन होत नाही.

म्हणून माझी विनंती अगदी साधी आहे. शहरात कुठे फोटोला बंदी असेल तर त्याचा आदेश लेखी आणि मराठीत जाहीर करा, कुठून कुठपर्यंत, किती दिवस. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली असे मनाई आदेश काढता येतात, पण तो आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, पुढे वाढवायचा तर राज्य सरकारला वाढवावा लागतो, म्हणजे कायमची तोंडी बंदी असा प्रकार कायद्यात नाही. दुसरं, बंदोबस्ताला निघणाऱ्या प्रत्येक पोलिसाला एक पान द्या, काय विचारता येतं, काय जप्त करता येतं, जप्त केलं तर कागद काय द्यायचा, आणि डिलीट करायला लावायचं नाही हे त्यात मोठ्या अक्षरात. तेच पान आम्हालाही द्या, आम्ही स्टुडिओच्या काचेला लावू. आपल्या वृत्तपत्राने ते छापलं तर अर्धं काम तिथेच होईल, कारण भांडण बरेचदा दोन्हीकडच्यांना माहिती नसल्यामुळे वाढतं, त्या दिवशी मला यातलं अर्धं जरी माहिती असतं तर मी कॅमेरा हातात दिला नसता, साहेब जप्त करायचा असेल तर पंचनामा करा एवढंच शांतपणे म्हटलं असतं.

फोटोंचं विचाराल तर घरी येऊन त्या कार्डाला हात लावला नाही आणि रात्री रिकव्हरीला लावलं. चौदापैकी अकरा आले. धुराचा आला आहे पण खालचा अर्धा भाग नुसता करडा पट्टा आहे, पोराचे डोळे त्या पट्ट्यात गेले. चाचांना प्रिंट देईन म्हणालो होतो, पुढच्या दोन रविवारी त्याच जागी जाऊन आलो, भट्टीच्या राखेचा काळा डाग आहे फुटपाथवर, ते नव्हते.

मी माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकलाय. आपल्याकडे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो म्हणून एकच गोष्ट विचारली, त्या चौकात त्या रविवारी छायाचित्रणाला मनाई करणारा आदेश असेल तर त्याची प्रत द्यावी. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलाय, तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. आलं की आपल्याला पाठवतो.

आपला,
एक फोटोग्राफर, नाशिक
(नाव छापू नये ही विनंती)